निरनिराळ्या संगणकांचा मेळ कसा बसतो?

१. प्रश्न नेमका कोणता?

दोन्ही संगणक चालू आहेत, दोन्हींना इंटरनेट आहे, एकाने पाठवलेली फाइल दुसऱ्याला मिळालीही आहे. मग ती उघडल्यावर मराठी अक्षरांऐवजी चौकोन, प्रश्नचिन्हे किंवा रोमन अक्षरांचा काला का दिसतो, हा प्रश्न महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला असतो. त्याला मिळणारे उत्तर बहुधा ‘फॉन्ट नाही’ किंवा ‘व्हर्जन जुने आहे’ असे दोन शब्दांत आटोपते. ते पूर्णपणे चूक नसते, पण त्यातून कारण समजत नाही आणि पुढच्या महिन्यात तीच अडचण नव्याने उभी राहते.

विद्यापीठाचे नेटवर्क म्हटले की एका आवारातल्या इमारतींना जोडणाऱ्या तारा डोळ्यांसमोर येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बाबतीत हे चित्र अपुरे आहे, कारण १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची संलग्न महाविद्यालये पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत पसरलेली आहेत. निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंत येथील मराठा विद्या प्रसारक समाजाचे क. का. वाघ महाविद्यालय त्यांपैकी एक होय. अशा महाविद्यालयातून विद्यार्थ्याचे नाव, विषय, गुण आणि छायाचित्र गणेशखिंडीतल्या विद्यापीठाकडे जाते, तेव्हा त्या माहितीला तालुक्याच्या गावातला कार्यालयीन संगणक, प्रयोगशाळेतली लिनक्सची यंत्रे, विद्यार्थ्याच्या हातातला अँड्रॉइड फोन आणि विद्यापीठाचा सर्व्हर अशा वेगवेगळ्या उत्पादकांच्या, वेगवेगळ्या वयाच्या यंत्रांतून प्रवास करावा लागतो. कोणत्याही एका वर्षी ही सगळी यंत्रे एकाच जातीची असतील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे, कारण शासकीय अनुदान, संस्थेचा निधी आणि विद्यार्थ्यांची ऐपत यांची वेळापत्रके कधीच जुळत नाहीत.

यंत्रे वेगळी असूनही त्यांना एकमेकांबरोबर काम करता येणे, याला सुसंगतता म्हणतात. तिच्या पायऱ्या तीन आहेत. पहिली म्हणजे माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात न बिघडता पोचणे. दुसरी म्हणजे पोचलेले आकडे दोघांनी सारख्याच रीतीने वाचणे. आणि तिसरी म्हणजे त्या आकड्यांचा अर्थ दोघांनी एकच लावणे. पहिली पायरी जगाने चार दशकांपूर्वी ओलांडली, दुसरीही बरीचशी मार्गी लागली आहे. मराठी कार्यालयांचे घोडे अडते ते तिसऱ्या पायरीवर, आणि तिथे नवे संगणक विकत घेऊन फारसा उपयोग होत नाही.

२. माहितीची वाहतूक

पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटोचा व्यवहार २० किलोच्या प्लास्टिकच्या क्रेटवर चालतो. टोमॅटो कोणत्या वाणाचा, कोणत्या शिवारातला, पिकअपमधून आला की ट्रॅक्टरमधून, याच्याशी हमालाला किंवा ट्रकचालकाला कर्तव्य नसते. क्रेटचा आकार ठरलेला असल्यामुळे तो कोणत्याही गाडीत रचता येतो आणि कोणत्याही शहरात उतरवता येतो. संगणकांच्या नेटवर्कमध्ये या क्रेटचे काम ‘पॅकेट’ करते. फाइल कितीही मोठी असली तरी तिचे लहान तुकडे पाडले जातात, स्थानिक नेटवर्कवर एका तुकड्यात साधारणपणे १,५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो, आणि प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहिला जातो. मधल्या यंत्रांनी फक्त पत्ता वाचायचा असतो. आत छायाचित्र आहे की गुणपत्रक, हे त्यांना माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते.

पत्ता कुठे व कसा लिहायचा, तुकडा हरवला तर तो पुन्हा कसा मागवायचा, याचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून टीसीपी आणि आयपी ही प्रोटोकॉलची जोडी घडली, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे संशोधन-नेटवर्क जुने नियम सोडून याच जोडीवर आले. तरीही ही निवड अंतिम ठरेल असे त्या वेळी कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. आंतरराष्ट्रीय मानक संघटना ‘ओएसआय’ नावाची वेगळी, अधिक पद्धतशीर आणि बरीच अवजड नियमावली तयार करत होती आणि अनेक देशांच्या शासनांचा कल तिच्याकडे होता.

भारतातील विद्यापीठीय नेटवर्कची सुरुवात नेमकी याच संक्रमणकाळात झाली. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शैक्षणिक व संशोधन नेटवर्क हाती घेतले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील एनसीएसटी ही सॉफ्टवेअर-संशोधन संस्था आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ भागीदार होते. कोणता पक्ष जिंकेल हे ठाऊक नसल्याने अर्नेटच्या मुख्य वाहिन्यांवर टीसीपी-आयपी आणि ओएसआय या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवण्यात आल्या. १९९५ पर्यंत जवळपास सगळी वाहतूक टीसीपी-आयपीवर आली. समित्यांनी आखलेल्या सुबक आराखड्यापेक्षा विद्यापीठांत प्रत्यक्ष वापरून घासूनपुसून निघालेले नियम टिकले, आणि त्यांचे दस्तऐवज कोणालाही फुकट वाचता येत होते ही गोष्टही त्यांच्या पथ्यावर पडली.

आज पिंपळगावच्या विद्यार्थ्याचा फोन आणि पुण्यातला सर्व्हर यांच्यात पॅकेट पोचवण्याबाबत मतभेद उरलेला नाही. क्रेट सुखरूप पोचला, एवढ्याने मात्र आतला माल कोणता आहे हे घेणाऱ्याला कळले असे होत नाही, आणि खरा गुंता तिथूनच सुरू होतो.

३. आकडा तोच, वाचन उलटे

संगणकाच्या स्मृतीतला सर्वांत लहान कप्पा म्हणजे एक बाइट. त्यात ० ते २५५ एवढाच आकडा मावतो. त्याहून मोठी संख्या ठेवायची असेल तर दोन कप्पे लागतात: एकात २५६चे किती गट झाले ते, आणि दुसऱ्यात उरलेली बाकी. एखाद्या विद्यार्थ्याचे एकूण गुण ३०० असतील, तर २५६चा एक गट आणि बाकी ४४, म्हणजे पहिल्या कप्प्यात १ आणि दुसऱ्यात ४४ असे लिहिले जाईल.

आता काही उत्पादकांनी मोठा भाग आधी लिहायचे ठरवले, काहींनी लहान भाग आधी. आयबीएमचे मोठे संगणक आणि सन कंपनीची अभियांत्रिकी महाविद्यालयांत एकेकाळी दिसणारी यंत्रे पहिल्या पंथाची. इंटेलची चिप असलेले साधे पीसी दुसऱ्या पंथाचे. पहिल्या पंथाच्या यंत्राने १, ४४ असे लिहून पाठवलेले कप्पे दुसऱ्या पंथाच्या यंत्राने जसेच्या तसे उचलले, तर ते २५६चे ४४ गट आणि बाकी १ असा हिशेब करील, म्हणजे विद्यार्थ्याला ११,२६५ गुण मिळतील. यात एकही बाइट वाटेत हरवलेला नाही. या दोन पंथांच्या वादाला डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १९८० मध्ये गलिव्हरच्या सफरीतल्या, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढणाऱ्या बुटक्यांची उपमा दिली. कोणतीही बाजू दुसरीहून फारशी सरस नाही, सर्वांनी एक स्वीकारणे महत्त्वाचे, असे त्याचे म्हणणे होते. त्यानुसार इंटरनेटच्या नियमांत मोठा भाग आधी हा क्रम ठरला, आणि प्रत्येक यंत्र पाठवताना व घेताना आपल्या सवयीप्रमाणे उलटापालट करून घेते. वापरणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. सुसंगततेचे यश असे अदृश्य असते, म्हणूनच तिच्यावर खर्च करायला कोणी सहज तयार होत नाही.

४. विद्यापीठांनीच शोधलेल्या वाटा

निरनिराळ्या यंत्रांचा त्रास सर्वांत आधी विद्यापीठांना झाला, कारण देणगीत मिळालेले, अनुदानातून घेतलेले आणि विभागप्रमुखाच्या आवडीचे असे सगळे संगणक तिथे एकाच आवारात येऊन पडतात. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने डीईसी आणि आयबीएम या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मदतीने १९८३ मध्ये ‘अथेना’ हा प्रकल्प सुरू केला. विद्यार्थ्याने कोणत्याही कंपनीच्या यंत्रासमोर बसावे, आपले नाव व पासवर्ड द्यावा आणि त्याला आपल्या फाइली तशाच दिसाव्यात, हा त्यामागचा हेतू होता. या प्रकल्पातून ‘कर्बेरॉस’ ही ओळख पटवण्याची पद्धत निघाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० पासून तीच स्वीकारली, त्यामुळे आज एखाद्या संस्थेत विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर एकाच पासवर्डने लॉगिन करता येते.

दुसरी हकीकत अधिक उद्बोधक आहे. कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा अँड्र्यू ट्रिजेल याला १९९१-९२च्या सुमारास आपल्या पीसीवरून युनिक्स यंत्रावरच्या फाइली वापरायच्या होत्या. दोन्हींच्या उत्पादकांनी त्याची सोय केलेली नव्हती. त्याने पीसी आणि त्याचा मूळ सर्व्हर यांच्यात ये-जा करणारी पॅकेट टिपून, प्रत्येक विनंतीला कोणते उत्तर येते हे पाहत पाहत संभाषणाचे नियम बाहेरून ताडले आणि तसेच उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहिला. तो नियमसंच मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्कमध्येही वापरला जात होता हे पुढे उघड झाले. ‘सांबा’ या नावाने हा प्रोग्रॅम जगभर पसरला, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला लिनक्सचा सर्व्हर शेजारच्या विंडोज संगणकांना स्वतःचाच भाऊबंद वाटतो तो त्याच्यामुळे.

मात्र बाहेरून ताडण्याला मर्यादा असते, कारण मूळ कंपनीने नियम बदलला की ताडणाऱ्याची मेहनत वाया जाते. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि इतरांच्या सर्व्हरना जुळवून घेता येईल एवढी माहिती उघड करण्याचा आदेश दिला. न्यायालयात तो टिकला आणि डिसेंबर २००७ मध्ये सांबाच्या मंडळींना ते दस्तऐवज अधिकृतपणे मिळाले. सुसंगतता बऱ्याचदा बाजारातल्या सत्तेचा प्रश्न असते, तंत्राचा नंतर, हे यातून दिसते. ज्याची उत्पादने सर्वाधिक खपतात त्याला इतरांशी जुळवून घेण्यात स्वारस्य नसते.

५. अक्षरांचा गोंधळ

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे याची यादी आधी ठरवावी लागते. रोमन लिपीसाठी अशी यादी १९६० च्या दशकातच तयार झाली. मराठीसाठी ती वेळेवर आणि सर्वमान्य झाली नाही, याची किंमत आजही मोजली जात आहे.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेले काम पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले, पीसीमध्ये बसवायचे ‘जिस्ट’ कार्ड त्यातून पुढे आले, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ ही अक्षरसंहिता मानक म्हणून प्रसिद्ध केली. पण डीटीपीच्या व्यवसायाला सुंदर छपाई हवी होती आणि तीही ताबडतोब. म्हणून श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारखे फॉन्ट बाजारात आले. त्यांची युक्ती साधी होती: संगणकाला रोमन अक्षरच टाइप केल्याचे सांगायचे आणि पडद्यावर त्या रोमन अक्षराचे चित्र बदलून तिथे देवनागरी आकार दाखवायचा. कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द टाइप केला तर संगणकात प्रत्यक्षात ‘एच, के, के, जे, आर’ अशी पाच रोमन अक्षरे साठतात, कारण पहिली दोन मिळून ‘भ’ होतो, तिसऱ्याने काना मिळतो आणि उरलेली दोन ‘र’ व ‘त’ यांची असतात. ज्या संगणकावर कृतिदेव आहे तिथे ‘भारत’ दिसतो. जिथे नाही तिथे पाच रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका दिसतो. प्रत्येक कंपनीने आपली चित्रे वेगळ्या क्रमाने बसवली असल्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्येही वाचता येत नाही.

या घोळातून बाहेर काढणारी यादी म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली, आणि देवनागरीचा क्रम लावताना तिने इस्कीचाच आधार घेतला. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक द्यायचा, आणि तो फॉन्ट, कंपनी किंवा यंत्र बदलले तरी बदलायचा नाही, एवढेच तिचे तत्त्व आहे. ‘पिंपळगाव’ हा शब्द युनिकोडमध्ये पुढीलप्रमाणे साठतो: प (२३४६), पहिली वेलांटी (२३६७), अनुस्वार (२३०६), प (२३४६), ळ (२३५५), ग (२३२७), काना (२३६६), व (२३५७). इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. कागदावर पहिली वेलांटी ‘प’च्या आधी दिसते, पण साठवताना ती ‘प’च्या नंतर येते, कारण युनिकोड उच्चाराचा क्रम पाळते आणि दिसण्याचा क्रम फॉन्टवर सोडते. जुन्या फॉन्टांत दिसण्याचाच क्रम साठवलेला असतो. म्हणून जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे म्हणजे एका अक्षरापुढे दुसरे ठेवण्याएवढे सोपे काम नसते; वेलांट्या आणि रफार योग्य जागी हलवावे लागतात आणि जोडाक्षरांत कन्व्हर्टरच्या चुका होतात.

विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी युनिकोड आले, तरी त्यानंतरच्या विंडोज एक्सपीतही ही सोय आपोआप चालू नसे; प्रादेशिक भाषांच्या खिडकीत एका चौकोनात बरोबरची खूण करून मूळ सीडी घालावी लागे. सीडी कपाटात कुलूपबंद असल्यामुळे कित्येक कार्यालये आणखी काही वर्षे जुन्या फॉन्टवरच राहिली असतील, तर त्यात नवल नाही.

बिघाड कोणता आहे हे पडद्यावर काय दिसते त्यावरून ओळखता येते, आणि ही ओळख प्रत्येक कार्यालयात असायला हवी. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या संगणकावर देवनागरीचा फॉन्ट नाही. रोमन अक्षरांचे पुंजके दिसले तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे. तो फॉन्ट मिळाला की वाचता येईल. तिसरा प्रकार चमत्कारिक दिसतो. युनिकोडचा क्रमांक पाठवताना तो ‘यूटीएफ-८’ या पद्धतीने बाइटमध्ये मांडतात आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइट घेते. ‘क’चे बाइट २२४, १६४ आणि १४९ असे होतात. समोरच्या प्रोग्रॅमने हे तीन बाइट म्हणजे तीन वेगळी युरोपीय अक्षरे असे समजून वाचले, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यापुढे चलनाचे एक अपरिचित चिन्ह आणि मग एक ठळक टिंब दिसते. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४ असल्यामुळे तो रेघवाला ‘ए’ पानभर पुन्हा पुन्हा येतो. तो दिसला की घाबरण्याचे कारण नाही: मजकूर पूर्ण आहे, फाइल उघडताना यूटीएफ-८ निवडले की अक्षरे जागेवर येतात. चौथा प्रकार म्हणजे ओळीने प्रश्नचिन्हे. तिथे मात्र मजकूर बहुधा गेलेला असतो, कारण कुठल्या तरी मधल्या प्रोग्रॅमने न समजलेले प्रत्येक अक्षर पुसून त्याजागी खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलेले असते. अशी फाइल ‘सेव्ह’ करू नये आणि मूळ प्रत पुन्हा मागवावी.

युनिकोड आले म्हणून सगळे संपले असेही नाही. ‘ॲडमिशन’ या शब्दातला पहिला ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होऊ शकतो. एक, मराठीसाठी २००८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झालेले २४१८ क्रमांकाचे एकसंध अक्षर. दुसरा, ‘अ’ (२३०९) आणि त्यावर चंद्र (२३७३) अशी जोडी. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. एका लिपिकाने एका प्रकारे आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे नोंदी केल्या, तर ‘ॲडमिशन’ शोधल्यावर निम्म्याच सापडतात आणि उरलेल्या नाहीत असा समज होतो. ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ यांतल्या अर्ध्या ‘ऱ’चेही असेच दोन मार्ग आहेत. संपूर्ण विद्यापीठाने टंकलेखनाचा एकच कळफलक, शक्यतो शासनमान्य इन्स्क्रिप्ट, वापरला तर हा दोष बराच कमी होतो.

६. तारखा, तक्ते आणि दस्तऐवज

अर्थाचा गोंधळ केवळ अक्षरांत नसतो. ०३/०४/२००५ ही जन्मतारीख भारतीय पद्धतीने ३ एप्रिल होते. अमेरिकन पद्धतीवर ठेवलेल्या संगणकात ती ४ मार्च होते, आणि १२ तारखेपुढची तारीख आली की तोच संगणक तिला तारीख मानायचेच नाकारतो. त्यामुळे एकाच तक्त्यात काही तारखा चुकीच्या आणि काही केवळ मजकूर अशी खिचडी होते. वर्ष, महिना, दिवस हा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम, म्हणजे २००५-०४-०३, वापरला की संदिग्धता राहत नाही. बैठक क्रमांक ००४५१२ असा असेल तर तक्त्याचा प्रोग्रॅम त्याला संख्या समजून पुढची शून्ये गाळतो. तो रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवणे हाच उपाय. विद्यापीठाच्या प्रणालीतून उतरवलेली साधी ‘सीएसव्ही’ फाइल थेट दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांची वर सांगितलेली तिसऱ्या प्रकारची दशा अनेकदा होते. ती ‘डेटा’ या मेनूतून आयात करून यूटीएफ-८ निवडावी.

दस्तऐवजांच्या बाबतीत दोन मानके आहेत. लिबरऑफिससारख्या मुक्त प्रोग्रॅमांचे ‘ओडीएफ’ २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले, मायक्रोसॉफ्टचे ‘ओओएक्सएमएल’ २००८ मध्ये. दुसऱ्याच्या मतदानात भारताने विरोधी मत नोंदवले होते. एकाच कामासाठी दोन मानके असणे म्हणजे मानक नसल्यासारखेच, हा आक्षेप त्या वेळी जगभर घेतला गेला आणि तो रास्त होता. वाचण्यासाठी पाठवायचे असेल तर पीडीएफ, भरून परत यायचे असेल तर ठरलेल्या एकाच प्रकारची फाइल, एवढा नियम महाविद्यालयाला पुरतो.

७. ग्रंथालयाचा धडा

सुसंगततेचा विचार सर्वांत आधी आणि सर्वांत शहाणपणाने कोणी केला असेल तर तो ग्रंथपालांनी. पुस्तकाची नोंद एका ग्रंथालयाने केली की दुसऱ्याने ती पुन्हा करू नये, या हेतूने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मार्क’ हा नोंदीचा नमुना तयार केला. त्यात प्रत्येक गोष्टीला क्रमांक आहे: लेखक १००, शीर्षक २४५. नोंद मराठी पुस्तकाची असो की जपानी, २४५ म्हणजे शीर्षकच. प्रोग्रॅम बदलला, कंपनी बुडाली, तरी नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये नेता येतात.

भारतात विद्यापीठीय ग्रंथालयांना जोडण्याचे काम ‘इन्फ्लिबनेट’ने केले. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखाली १९९१ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ मध्ये स्वतंत्र संस्था होऊन गुजरातमध्ये स्थिरावला. त्याच्या ‘सोल’ या ग्रंथालय-प्रणालीच्या २००९ मधील दुसऱ्या आवृत्तीत मार्कचा नमुना आणि युनिकोड दोन्ही आले, त्यामुळे सोलमधल्या नोंदी न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या ‘कोहा’ या मुक्त प्रणालीत नेणे शक्य झाले. इन्फ्लिबनेटच्याच ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील पीएचडी प्रबंध ठेवले जातात. तिथे जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित झालेले मराठी प्रबंध पडद्यावर सुरेख दिसतात, पण त्यातला शब्द शोधायला गेले की काहीच सापडत नाही, कारण पीडीएफच्या पोटात देवनागरी नाही, रोमन पुंजके आहेत. काही वर्षांचे संशोधन सर्वांसाठी खुले असूनही शोधयंत्रांना अदृश्य राहते, ही मराठी विद्याव्यवहाराची लहान हानी नव्हे.

८. ओळखपत्र कोणाचे चालेल?

शेवटचा प्रश्न माणसांच्या ओळखीचा. पिंपळगावचा प्राध्यापक दुसऱ्या संस्थेत गेला तर तिथले वायफाय त्याला कसे ओळखणार? युरोपात २००३च्या सुमारास वाढीस लागलेल्या ‘एज्युरोम’ने याचे उत्तर दिले. पाहुण्याने आपला पासवर्ड यजमानाला द्यायचा नाही. यजमानाचे नेटवर्क ‘हा तुमचा आहे का’ असे मूळ संस्थेच्या सर्व्हरला विचारते आणि तिने होकार दिला की दार उघडते. भारतात याची जबाबदारी अर्नेटकडे आहे. योजना चांगली असली तरी मूळ संस्थेला आपला ओळख-सर्व्हर चोवीस तास चालू ठेवावा लागतो, आणि भारनियमन सोसणाऱ्या तालुक्याच्या गावात ही अट वाटते तितकी किरकोळ नाही.

९. महाविद्यालयाने काय करावे?

सगळे संगणक एकाच कंपनीचे घेतले की प्रश्न सुटेल, हा समज सोडून द्यावा. पाच वर्षांनी त्याच कंपनीची नवी आवृत्ती जुनीशी जुळत नाही आणि तोवर दुसऱ्या कुणाकडे जाण्याची वाट बंद झालेली असते. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले ते याच विचाराने. प्रवेश, परीक्षा किंवा ग्रंथालयासाठी सॉफ्टवेअर घेताना करारात एक अट जरूर असावी: सर्व माहिती युनिकोडमध्ये, खुल्या नमुन्यात आणि कोणत्याही वेळी, जादा शुल्क न देता बाहेर काढता आली पाहिजे. विक्रेता या अटीला कां-कूं करत असेल तर त्याचे कारण त्याला विचारावे.

आणि जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचे काम पुढे ढकलू नये. कोणत्या विभागात कोणता फॉन्ट वापरला गेला, त्यात ‘क्ष’ कुठल्या कळीवर होता आणि कन्व्हर्टर कुठे चुकतो, हे ज्या टंकलेखकांना पाठ आहे ते सेवेत आहेत तोवर त्यांच्याकडून हे रूपांतर तपासून घ्यावे, मूळ फाइल आणि युनिकोड प्रत दोन्ही जपून ठेवाव्यात, आणि मूळ फाइलीच्या नावातच फॉन्टचे नाव लिहून ठेवावे.